वाळूची वही

आमच्या नदीत पाणी दिसत नाही.
दिसते ती वाळू. पाणी वाळूच्या आत,
जसा काही माणसांचा राग,
खणल्याशिवाय कळत नाही.
तरी किटुईच्या या भागात आम्ही तिला नदीच म्हणतो.
वर्षातले दहा-बारा दिवस ती नावाला जागते,
बाकी दिवस गाढवं तिच्यातून
रस्त्यावरून जावं तशी जातात.

वही माझ्याकडे असते. म्वेथ्याची वही.
म्वेथ्या म्हणजे सगळ्यांची इर्जिक,
आज तुझ्या बांधावर, उद्या माझ्या,
आणि या वर्षी नदीवर.
सोमवार. स्योकाउ, चौदा दगड.
कालेक्ये, नऊ. (पोटुशी आहे. नऊ पुरेत.)
म्हातारा मुन्यीथ्या: दगड शून्य, गोष्टी तीन.
तेही लिहिलं, कारण स्योकाउ म्हणाली
हसवणाराही कामालाच आलेला असतो.

माचाकोसहून इंजिनिअर आला.
चटईवर नकाशा पसरला, उडू नये म्हणून
कोपऱ्यांवर आमच्याच चपला ठेवल्या,
आणि बोट टेकवून म्हणाला, भिंत इथे.
कुणी काही बोललं नाही.
मग म्बिथेने, जिला वाचता येत नाही,
चहाची किटली उचलली
आणि त्याच्या बोटाच्या चार बोटं वर ठेवली.
"इथे. तुझ्या जागी खडक फुटका आहे.
माझी पहिली गाय तिथे संध्याकाळी पाणी प्यायची
आणि सकाळी तिथे पाणी नसायचं."
तो पहार घेऊन गेला, ठोकून आला,
गप्प बसून चहा प्यायला.
नकाशावर अजून किटलीचा गोल डाग आहे.
भिंत त्या डागावर आहे.

पहिल्या पुरात भिंतीमागे वाळू भरली.
दुसऱ्या पुरात आणखी वाळू.
पलीकडच्या वस्तीला हसू आवरेना:
पाण्यासाठी राबले आणि वाळूचे धनी झाले!

आता माझं सांगतो.
वही माझ्याकडे आहे ती अक्षर बरं म्हणून नाही.
सहा वर्षं मी रात्रीचे ट्रक भरले.
हीच नदी फावड्याफावड्याने उचलून
नैरोबीच्या इमारतींना दिली,
ट्रकमागे तीनशे शिलिंग.
सुरुवातीला आईचा झिरा कोपरभर होता,
मग कमरेइतका,
मग उतरायला खाचा पाडाव्या लागल्या,
मग दोर.
दोर मीच आणून दिला. नवा. वाळूच्याच पैशांतून.

सभेत कुणी म्हणालं, दंड करा, याचा बकरा घ्या.
स्योकाउ बराच वेळ तुरीच्या शेंगा सोलत राहिली.
"बकरा एका दिवसात संपेल.
याला ट्रक मोजता येतात ना?
मग आता वाळू मोजू दे."

गेल्या महिन्यात एक ट्रक आला, दिवे मालवून.
ड्रायव्हरने मला नावाने हाक मारली.
माझ्या हातात वही आणि पेन, बस.
"काय लिहितोस?"
"तुझा नंबर. आणि वेळ."
मागून एकेक बॅटरी पेटत गेली.
कालेक्ये बाळाला पाठीशी बांधून आली होती.
कुणी ओरडलं नाही.
त्याने ट्रक मागे घेतला तो वाळूत रुतला,
आणि आम्हालाच तो ढकलून काढावा लागला.
तेही वहीत आहे:
धक्का, अकरा बायका, एक पुरुष.

ऑगस्ट. आकाशात काही नाही.
आई पात्रात टाचांवर बसून हाताने उकरत होती.
कोपरापर्यंत हात गेला आणि ती थांबली.
हात बाहेर काढून तिने नुसता गालाला लावला.
माझ्याकडे बघितलं नाही.
दोर आता बकऱ्याच्या गळ्यात आहे,
त्याच, दंडात न गेलेल्या.

उद्याचे विषय:
एक, पलीकडची वस्ती पाणी मागते. हसले होते तेच.
दोन, त्यांचे दगड किती धरायचे.
तीन, म्बिथेची किटली गळते, नवी आणणे.